रेल्वेमार्गालगतच्या गावरस्त्यांवर गटाने एका दिवसाची सायकल सफर: रस्ता निवडण्यापासून घरी पोहोचेपर्यंत

दर हिवाळ्यात पुण्यातून आठ-दहा जणांचे नवे गट सायकली घेऊन हडपसरच्या पुढे निघतात आणि त्यांतल्या बऱ्याच गटांची सफर अकराच्या सुमारास विसकटते. दोघे पुढे निघून गेलेले असतात, तिघे पंक्चर काढत मागे अडकलेले असतात, मधल्यांना कोणत्या फाट्यावर वळायचे ते ठाऊक नसते आणि ऊन डोक्यावर आलेले असते. यांतल्या बहुतेकांना सायकल उत्तम चालवता येते. घोळ होतो तो कामे उलट्या क्रमाने केल्यामुळे. आधी माणसे गोळा केली जातात, मग तारीख ठरते आणि रस्ता मात्र त्या दिवशी सकाळी मोबाइलवर पाहिला जातो. पुढचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत, कारण प्रत्येक टप्प्याचा निर्णय आधीच्या टप्प्यावर अवलंबून आहे.

परदेशात वापरातून गेलेल्या काही लोहमार्गांचे रूळ काढून तिथे सायकलवाटा केलेल्या आहेत. न्यूझीलंडमधील ओटागो सेंट्रल रेल ट्रेल ही १५२ किलोमीटरची वाट त्यांपैकीच आहे. पुण्याच्या आसपास अशी वाट नाही. आपल्याकडे रेल्वेलगतची सफर म्हणजे चालू लोहमार्गाच्या आजूबाजूने, एका स्टेशनच्या गावाहून पुढच्या स्टेशनच्या गावाला जाणाऱ्या रस्त्यांवरची सफर. दौंडच्या दिशेने हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव, केडगाव, कडेठाण, पाटस आणि दौंड अशी स्टेशने लागतात. या लेखात याच मार्गाचा पहिला भाग उदाहरण म्हणून घेतला आहे.

१. रस्ता ठरवणे आणि तो आधी पाहून येणे

रस्ता निवडताना दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे रुळांच्या कडेने जाणारी पायवाट हीच सायकलची वाट असे समजणे. ती रेल्वेची हद्द आहे. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ नुसार त्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिक्षेचा विचार बाजूला ठेवला तरी पुणे-दौंड मार्ग दुहेरी आहे, त्यावर विजेची इंजिने धावतात, आणि वारा आपल्याकडून गाडीच्या दिशेने वाहत असेल तर ती अगदी जवळ येईपर्यंत तिचा आवाज कानावर येत नाही. रुळांजवळ छायाचित्र काढण्यासाठीसुद्धा गटातल्या कोणालाही उतरू देऊ नये.

दुसरी चूक म्हणजे सरळ आणि गुळगुळीत म्हणून पुणे-सोलापूर महामार्ग धरणे. त्या रस्त्यावर अवजड वाहनांचा वेग, उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी आणि सेवा रस्त्यावर उभी केलेली वाहने यांच्यामध्ये दहा जणांची रांग सांभाळणे अशक्य आहे. पहिल्या सफरीसाठी मांजरी बुद्रुक, कोलवडी, थेऊर आणि तिथून उरुळी कांचन हा आतला रस्ता पुरेसा आहे. या रस्त्याने मुळा-मुठा नदी दोनदा ओलांडावी लागते. कोलवडीला जाताना एकदा आणि थेऊरकडे परत येताना एकदा. उरुळीच्या पुढे यवतपर्यंत जायचे असेल तर आतल्या रस्त्याचा एखादा तुकडा महामार्गाला येऊन मिळतो का, हे आधी पाहावे. मिळत असेल तर तेवढा भाग सायकली हातात धरून चालत पार करण्याची मनाची तयारी ठेवावी.

नकाशावर काढलेला रस्ता गटातल्या किमान एकाने सफरीच्या आधीच्या पंधरा दिवसांत प्रत्यक्ष जाऊन पाहावा. दुचाकीवरून गेले तरी चालते, मात्र सायकल चालवणाऱ्याच्या नजरेने पाहावे. दुचाकीवर जाणवतही नाही अशी खडी सायकलवरून पाडते, आणि दुचाकीला दोन मिनिटांत संपणारा सावली नसलेला पट्टा सायकलला पंधरा मिनिटे पुरतो. परत आल्यावर फाट्यांची यादी कागदावर लिहावी: कोणते गाव, फाट्यावर कोणती ठळक खूण, डावीकडे की उजवीकडे. खूण शक्यतो न हलणारी असावी. देऊळ, शाळा, पाण्याची टाकी, वडाचे झाड चालते. रसवंती किंवा फ्लेक्स चालत नाही, कारण पुढच्या रविवारी ते तिथे असेलच असे नाही.

तारीख ठरवताना पंचांग उघडावे. थेऊर हे अष्टविनायकांपैकी एक क्षेत्र आहे, त्यामुळे संकष्टीला आणि विशेषतः अंगारकीला तिथल्या रस्त्यावरून गट नेऊ नये. आषाढी वारीच्या दिवसांत तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोर आणि यवत या मुक्कामांवरून जाते. ते दिवसही सोडावेत. ऊस गाळपाच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर याच अरुंद रस्त्यांवर असतात. सायकलीला उत्तम हवा नेमकी याच महिन्यांत असते, त्यामुळे त्यांना टाळता येत नाही. त्यांच्याशी कसे वागायचे ते सातव्या टप्प्यात सांगितले आहे.

सावधान: पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस कच्च्या रस्त्यावर गट नेऊ नये. या भागातली काळी माती ओली असताना टायरला थरावर थर धरते आणि ब्रेक व फ्रेम यांच्यामध्ये अशी ठासून बसते की शंभर पावलांच्या आत चाक फिरायचे थांबते. मग काटकीने माती उकरत सायकल खांद्यावर वाहून नेण्याखेरीज दुसरा उपाय राहत नाही.

२. अंतराचा आणि वेळेचा हिशेब

आगगाडीला मोठे चढ झेपत नाहीत म्हणून लोहमार्ग सपाटीचा शोध घेत जातो, आणि नदीच्या खोऱ्यातला हा मार्गही सपाट आहे. नवे लोक यावरून असा निष्कर्ष काढतात की सपाट रस्त्यावर दुप्पट अंतर जाता येईल. प्रत्यक्षात सपाट रस्त्याची स्वतःची अडचण असते. घाटात चढ संपला की उतार लागतो आणि उतारावर पाय थांबतात, माणूस सीटवरून उठतो, मनगटे मोकळी होतात. सपाटीवर असा आपोआप मिळणारा विसावा नसतो. एकाच बैठकीत दोन-दोन तास सलग पेडल मारल्याने मांड्यांच्या आधी बैठक आणि तळहात दुखू लागतात, आणि पस्तीस किलोमीटरनंतर जो माणूस गप्प होतो तो बहुधा पायांनी थकलेला नसतो. म्हणून दर वीस मिनिटांनी सर्वांनी पाच-दहा पेडले उभे राहून मारावीत आणि हँडलवरची पकड बदलावी.

मिश्र गटाचा चालता वेग ताशी १५ किलोमीटर धरावा. त्यातून निघालेल्या वेळेत निम्मा वेळ थांब्यांसाठी मिळवावा. म्हणजे ४५ किलोमीटरसाठी तीन तास सायकलवर आणि दीड तास थांबे, एकूण साडेचार तास. सकाळी साडेसहाला निघालेला गट अकराला परत येतो. अनुभवी सायकलपटूंना हा हिशेब फार सैल वाटतो; मात्र दहा जणांच्या गटात एक पंक्चर आणि एक चहा धरला की तो दीड तास कुठे गेला ते कळत नाही.

येथे आणखी एक गफलत होते. कोथरूड, सिंहगड रस्ता किंवा कात्रजहून येणारे लोक मांजरीपर्यंतचे अंतर हिशेबातच धरत नाहीत. जाऊन-येऊन तीस-चाळीस किलोमीटरची ही भर असते आणि परतीचा भाग दुपारच्या शहरी वाहतुकीत असतो. ज्यांना एवढे झेपणार नाही त्यांनी सायकल गाडीवर लादून सुरुवातीच्या ठिकाणापर्यंत यावे. त्यात कोणताही कमीपणा नाही.

वाऱ्याचाही विचार करावा. पावसाळ्यात आणि एप्रिल-मेच्या दुपारी पुण्यात वारा पश्चिमेकडून वाहतो. जाताना पूर्वेकडे जाणाऱ्या गटाला तो पाठीवर मिळतो, आज आपण फार छान चाललो आहोत असे सर्वांना वाटते, आणि परतताना तोच वारा छातीवर घेत निम्म्या वेगाने यावे लागते. अशा दिवशी परत फिरण्याचे ठिकाण पाच किलोमीटर अलीकडे आणावे.

रेल्वेने परतण्याचा बेत अनेकांच्या मनात असतो. सायकल ही गाडीत सामान म्हणून रीतसर बुक करून मालडब्यातून न्यावी लागते, आणि छोट्या स्टेशनावर गाडी जेमतेम एखादे-दोन मिनिटे थांबते. एक-दोघांना ते जमते. दहा सायकलींसाठी त्यावर विसंबू नये. एका बाजूनेच सायकल चालवायची असेल तर परतीसाठी टेम्पो आदल्या आठवड्यात ठरवावा आणि सायकलींच्या मध्ये घालायला जुन्या चादरी टेम्पोतच ठेवायला सांगाव्यात.

३. गट आणि जबाबदाऱ्या

बारापेक्षा अधिक माणसे असतील तर दोन गट करावेत आणि प्रत्येक गटाला स्वतंत्र जबाबदार माणसे द्यावीत. बारा सायकलींची एकेरी रांग योग्य अंतर ठेवून चालली तर ती पन्नास मीटरच्या पुढे जाते. त्याहून लांब रांगेचे शेवटचे टोक पुढच्या माणसाला वळणावर दिसत नाही.

प्रत्येक गटात दोन जागा ठरलेल्या असाव्यात. पुढचा माणूस रस्ता पाहून आलेला असावा. शेवटचा माणूस, ज्याला सायकलवाले स्वीप म्हणतात, तो गटातला सर्वांत भरवशाचा आणि पंक्चर काढता येणारा असावा. बहुतेक गट याच्या नेमके उलटे करतात: सर्वांत जोरात जाणारा पुढे आणि ज्याला वेग झेपत नाही तो आपोआप शेवटी. मग वेग पुढचा माणूस ठरवतो आणि मागे एकटा पडलेला नवखा माणूस, ज्याच्याकडे पंपही नसतो, त्याच्या टायरातली हवा गेली तर ते कोणाला कळत नाही. सर्वांत हळू जाणाऱ्याला पुढच्या माणसाच्या लगेच मागे दुसऱ्या क्रमांकावर ठेवावे. तेथे राहिल्याने वेग आपोआप त्याच्या बेताचा राहतो आणि त्याला आपण सर्वांना अडवत आहोत असेही वाटत नाही.

४. सायकल: दोन दिवस आधी

हे काम आदल्या रात्री करू नये. आदल्या रात्री सापडलेला दोष दुरुस्त करायला दुकान उघडे नसते. गुरुवारी-शुक्रवारी पुढील क्रमाने पाहावे.

टायर आधी. रुंद टायरच्या माउंटन सायकलीला साधारण ३५ ते ४५ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक), हायब्रीडला ५० ते ७०, आणि अरुंद टायरच्या रोड सायकलीला ८० ते १०० हवा लागते. नेमकी मर्यादा टायरच्या कडेवर लिहिलेली असते आणि ती ओलांडू नये. कमी हवा असलेला टायर खड्ड्याच्या काठावर आपटला की ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटून तिला सापाच्या दातांसारखी दोन भोके पडतात.

मग ब्रेक. लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकता कामा नये. सायकल ढकलत एकेक ब्रेक दाबून पाहावा: पुढचा दाबला की मागचे चाक उचलले गेले पाहिजे, मागचा दाबला की मागचे चाक घासत आले पाहिजे.

चाके लिव्हरने आवळण्याची असतील तर लिव्हर बंद करताना तळहातावर त्याचा वळ उमटला पाहिजे. सहज बंद होणारा लिव्हर सैल आहे. चेनला तेल देऊन जादा तेल फडक्याने पुसून काढावे, कारण ओलसर चेनवर गावरस्त्यांवरची धूळ बसून तिचा काळा राब तयार होतो. शेवटी सीटची उंची पाहावी. पेडल तळाशी असताना त्यावर टाच ठेवली तर पाय जवळजवळ सरळ व्हावा. दहापैकी निम्म्या सायकलींची सीट दोन इंच खाली असते आणि गुडघेदुखीचे खापर मात्र अंतरावर फुटते.

तपासा: सायकल तीस सेंटीमीटरवरून जमिनीवर हलकेच आपटावी. खडखड आवाज आला तर काहीतरी सैल आहे. ते सापडेपर्यंत तपासणी संपली असे मानू नये.

५. सामान, पाणी आणि खाणे

प्रत्येकाकडे आपल्या चाकाच्या मापाच्या दोन ट्यूब, टायर काढण्याचे लिव्हर आणि पंक्चरचे ठिगळ असावे. पंप गटात दोन असावेत, आणि ते कोणत्या व्हॉल्व्हला लागतात हे घरीच पाहावे. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह, बारीक पितळी प्रेस्टा आणि जुन्या सायकलींचा साधा देशी व्हॉल्व्ह अशा तिन्ही जातीच्या सायकली एकाच गटात येतात, आणि पंप हाताशी असूनही त्याचे तोंड बसत नाही म्हणून गावातले दुकान शोधत फिरण्याची वेळ येते.

पाणी थंडीत ताशी अर्धा लिटर, फेब्रुवारीनंतर पाऊण लिटर धरावे. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा मिनिटांनी दोन घोट घ्यावेत. ओआरएसबाबत एक चूक फार मोठ्या प्रमाणावर होते. एक लिटर पाण्यासाठीचे पाकीट लोक सायकलच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण ओततात. असे दुप्पट तीव्रतेचे पाणी पोटात मळमळ निर्माण करते आणि तहान वाढवते. पाकिटावर लिहिलेले प्रमाण वाचावे आणि लिटरभराचे पाकीट दोन बाटल्यांत वाटावे.

निघण्यापूर्वी तासभर आधी हलके खावे. एखादे केळे आणि चहा पुरतो. सफरीत गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याची वडी, खजूर, दशम्या असे थोडे-थोडे चघळता येणारे पदार्थ ठेवावेत. उरुळीला पोहोचल्यावर झणझणीत मिसळीवर ताव मारण्याचा मोह होतो, पण तेलकट आणि तिखट खाऊन लगेच वीस किलोमीटर चालवताना पोट अवघडते. माझ्या मते मिसळ ही परत आल्यावर खाण्याची गोष्ट आहे.

हेल्मेट प्रत्येकाला सक्तीचे असावे आणि ज्याच्याकडे नाही त्याला त्या दिवशी घेऊन जाऊ नये. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्योदय सातच्या आसपास होतो, त्यामुळे साडेसहाला निघणाऱ्यांना पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा लागतोच.

६. निघण्यापूर्वीची वीस मिनिटे

निघण्याची वेळ साडेसहा असेल तर जमण्याची वेळ सहा दहा सांगावी. या वीस मिनिटांत चार कामे होतात. सर्व सायकलींच्या हवेवर आणि ब्रेकवर एकदा हात फिरवावा. प्रत्येकाला क्रमांक द्यावा, म्हणजे पुढे मोजणी करताना नावे आठवत बसावे लागत नाही. एकाने 'एक' म्हणताच पुढचे आपापला आकडा पुकारतात आणि कोणता आकडा आला नाही ते तत्काळ कळते. फाट्यांची यादी सर्वांना वाचून दाखवावी आणि तिचे छायाचित्र प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असल्याची खात्री करावी. शेवटी कोणाला दमा, मधुमेह किंवा अन्य त्रास असेल, तर त्याने ते किमान पुढच्या आणि शेवटच्या माणसाला बाजूला घेऊन सांगावे. औषध कोणत्या खिशात आहे हेही सांगावे.

मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक सर्वांना ठाऊक असतात, पण तिथे फोन केल्यावर आपण नेमके कुठे आहोत ते सांगता येत नाही. म्हणून पुढच्या माणसाने प्रत्येक गाव ओलांडताना गावाचे नाव मोठ्याने पुकारावे. मागचे सगळे ते ऐकतात आणि गरज पडली तर 'कोलवडी सोडून दोन किलोमीटर' एवढे तरी कोणीही सांगू शकतो.

७. रस्त्यावर: रांग, हाका आणि फाटे

गावरस्त्यावर एकेरी रांग ठेवावी. दोन सायकलींत सपाटीवर तीन-चार मीटर आणि उतारावर त्याच्या दुप्पट अंतर असावे. गप्पांसाठी शेजारी-शेजारी चालवण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे; गप्पा थांब्यावर माराव्यात.

हाका ठरलेल्या आणि छोट्या असाव्यात. पुढून मागे जाणाऱ्या: 'खड्डा डावीकडे', 'खडी', 'थांबतोय'. मागून पुढे येणाऱ्या: 'गाडी मागून', 'पंक्चर'. ऐकणाऱ्या प्रत्येकाने ती हाक तशीच पुढे द्यायची असते. तिसऱ्या माणसापाशी हाक अडली की मागच्यांना खड्डा सायकलखाली आल्यावरच कळतो.

आता फाट्यांविषयी, कारण गट सर्वांत जास्त वेळा इथेच तुटतो. पुढचा माणूस वळतो, पाच जण त्याच्या मागे वळतात, सहावा पाणी पिण्यासाठी मान खाली घालतो आणि सरळ जातो, आणि त्याच्या मागचे सगळे त्याच्यामागे जातात. यावर खात्रीचा उपाय म्हणजे फाट्यावर माणूस उभा करणे. फाटा येताच पुढचा माणूस आपल्या लगेच मागे असलेल्या, वाट ठाऊक असलेल्या माणसाला तिथे थांबायला सांगतो. सर्वांत हळू जाणारा दुसऱ्या क्रमांकावर असेल तर हे काम तिसऱ्याला द्यावे. थांबलेला माणूस सायकलवरून उतरून, सायकल रस्त्याच्या बाहेर घेऊन, हाताने दिशा दाखवत उभा राहतो. शेवटचा स्वीप येईपर्यंत त्याने जागा सोडायची नसते, कोणी कितीही 'चल रे' म्हटले तरी. स्वीप आला की तो रांगेच्या शेवटी सामील होतो आणि पुढच्या फाट्यावर दुसऱ्या कोणाचा क्रम येतो.

तपासा: प्रत्येक फाटा ओलांडल्यावर पाचशे मीटरच्या आत एक थांबा घेऊन आकड्यांची मोजणी करावी. एक आकडा कमी भरला तर सर्वांनी जागेवर थांबावे आणि शोधायला फक्त स्वीप व आणखी एक जण परत जावा. शोधायला चौघे चार दिशांना गेले की पाच जण हरवतात.

उसाचा ट्रॅक्टर समोरून आला तर सर्वांनी रस्त्याच्या कडेला उतरून थांबावे. मागून आला तरी तेच करावे. ट्रॅक्टर पुढे गेल्यावर मागची ट्रॉली आतल्या बाजूला झुकते आणि कडेला लटकणारे ऊस सायकलस्वाराच्या खांद्याच्या उंचीवर येतात. ट्रॉलीबाहेर लांब निघालेला एखादा ऊस हँडलमध्ये अडकला तर सायकल ट्रॉलीखाली ओढली जाऊ शकते. ट्रॅक्टर ओलांडायचा मोह तर मुळीच धरू नये.

वस्तीवरची कुत्री भुंकत मागे लागली तर वेग वाढवू नये. थांबून, उतरून, सायकल मध्ये धरून हळू चालावे. बहुतेक कुत्री हद्द संपली की परत फिरतात. चावा किंवा नखाचा ओरखडा बसलाच, तर ती जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजप्रतिबंधक लस सुरू करावी. सफर तिथेच संपवावी.

८. रेल्वे फाटक

फाटक बंद असताना दांड्याखालून सायकल वाकवून नेणारी माणसे तुम्हाला प्रत्येक फाटकावर दिसतील. आपल्या गटात ते चालणार नाही हे सकाळीच सांगून ठेवावे. दुहेरी मार्गावर एक गाडी गेली म्हणजे धोका टळला असे नसते. तिच्या आडून उलट दिशेची गाडी येत असू शकते. फाटक उघडेपर्यंत रांगेतल्या वाहनांच्या मागे न राहता डाव्या कडेला एकत्र उभे राहावे आणि उघडल्यावर गर्दी ओसरू द्यावी.

रूळ ओलांडताना उतरून चालणे हा सर्वांत चांगला मार्ग आहे. चालवतच जायचे असेल तर चाक रुळाला काटकोनात आले पाहिजे. तिरक्या फाटकावर रस्ता रुळांना तिरका छेदतो आणि रुळाशेजारच्या खाचेत अरुंद टायर अडकून माणूस आडवा पडतो. धुक्याच्या सकाळी दवाने ओला झालेला रूळ तेलकट फरशीइतका निसरडा असतो, त्यामुळे त्यावर ब्रेकही दाबू नये.

फाटकामुळे गट दोन भागांत विभागला गेला, तर पुढच्या भागाने फाटकाच्या पलीकडे पहिल्या मोकळ्या सावलीत थांबावे. यवतच्या बाजूला आमच्या गटाचे एकदा असे झाले. पुढचे चौघे 'हळूहळू जातो, तुम्ही गाठा' म्हणून निघाले, पहिल्या फाट्यावर चुकले, आणि आम्ही त्यांना शोधण्यात सव्वा तास घालवला. त्यांच्यापैकी एकीजवळच्या बाटलीत तेव्हा घोटभरही पाणी उरले नव्हते. त्या दिवसापासून फाटकापलीकडे थांबणे हा नियम आम्ही कोणासाठीही मोडलेला नाही.

९. पंक्चर काढणे

या भागात पंक्चर म्हणजे बहुतेक वेळा बाभळीचा काटा. शेताच्या कुंपणाला रचलेल्या काट्या रस्त्यावर पडतात आणि त्यांवरून चाक गेले की काटा टायरात घुसून बाहेरच्या बाजूला तुटतो. वरून फक्त तपकिरी ठिपका दिसतो. आतल्या बाजूला मात्र काट्याचे टोक उभे असते. म्हणून पुढचा क्रम मोडू नये.

पहिल्यांदा सायकल रस्त्याच्या बाहेर घ्यावी. काम दोघांनीच करावे, बाकीच्यांनी सावलीत बसावे. मागचे चाक असेल तर आधी चेन सर्वांत लहान दात्यावर आणावी, मग ब्रेक सैल करून चाक काढावे. टायरची एकच बाजू लिव्हरने रिमबाहेर काढावी आणि ट्यूब ओढून घ्यावी. व्हॉल्व्ह टायरवर कोणत्या अक्षरापाशी होता ते मात्र लक्षात ठेवावे. ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधले, की व्हॉल्व्हपासून ते भोक किती अंतरावर आहे त्यावरून टायरात काटा कुठे आहे ते कळते.

आता टायरच्या आतून एक फडके फिरवावे. बोट फिरवू नये. जिथे फडक्याचा धागा अडकतो तिथे काटा आहे. नखे कापण्याच्या यंत्राने तो आतून धरून ओढून काढावा आणि तेवढ्यावर न थांबता फडके पूर्ण दोनदा फिरवावे, कारण बाभळीचे काटे सहसा एकटे येत नाहीत. एका सफरीत मी घाईत एकच काटा काढून नवी ट्यूब घातली, पन्नास पावलांवर तिचीही हवा गेली, आणि तपासल्यावर त्याच टायरात आणखी दोन काटे निघाले.

नवी ट्यूब घालण्याआधी तिला गोल आकार येईल इतकीच हवा भरावी. व्हॉल्व्ह भोकात बसवून ट्यूब टायरात सर्व बाजूंनी ठेवावी. टायरची कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने बसवायला सुरुवात करून शेवट व्हॉल्व्हपाशी करावा. शेवटचा वीतभर भाग घट्ट लागतो. तो अंगठ्यांनीच ढकलावा. इथे लिव्हर वापरला की नव्या ट्यूबला चिमटा बसतो आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. नंतर व्हॉल्व्ह आत ढकलून परत ओढावा, दोन्ही बाजूंनी टायर दाबून ट्यूब कुठे डोकावत नाही ना ते पाहावे, आणि मग पूर्ण हवा भरावी.

तपासा: चाक बसवल्यावर ब्रेक परत जोडला का? घाईत हा एकच टप्पा सर्वाधिक वेळा विसरला जातो, आणि तो पुढच्या उतारावर लक्षात येतो.

१०. परत फिरण्याची वेळ

सफरीला परत फिरण्याचे ठिकाण असते तशी परत फिरण्याची वेळही असावी, आणि दोहोंपैकी जे आधी येईल ते पाळावे. वर दिलेल्या हिशेबात ही वेळ पावणेनऊची आहे. पावणेनऊला गट उरुळीच्या तीन किलोमीटर अलीकडे असेल तर तिथूनच फिरावे. 'एवढे आलोच आहोत तर' या वाक्याने परतीचे शेवटचे दहा किलोमीटर भर उन्हात जातात.

कोणी बडबड थांबवली, घाम येणे बंद झाले, डोके दुखते असे म्हणाला किंवा सरळ रेषेत चालवेनासा झाला, तर त्याला तिथेच सावलीत बसवावे, मान आणि काखा ओल्या फडक्याने पुसाव्यात आणि शुद्धीवर नीट असेल तरच घोट-घोट पाणी द्यावे. बोलण्यात गोंधळ वाटला तर १०८ ला फोन करायला वेळ लावू नये. बरे वाटले तरी त्याने उरलेला रस्ता टेम्पोने किंवा गाडीने जावे.

११. परतल्यावर

सुरुवातीच्या ठिकाणी शेवटची मोजणी झाल्याशिवाय कोणी निघू नये. तिथून पुढे प्रत्येक जण शहरातून एकटा जाणार असतो आणि थकलेला असतो, त्यामुळे घरी पोहोचल्याचा निरोप ज्याचा त्याने पाठवावा आणि स्वीपने यादीवर खुणा कराव्यात. निरोप न आलेल्याला त्यानेच फोन करावा.

सायकल त्याच संध्याकाळी पुसावी. टायर सावकाश फिरवत त्यात रुतलेले काटे काढावेत, कारण अर्धवट घुसलेला काटा पार्किंगमध्ये उभ्या सायकलीची हवा रात्रीतून घालवतो. फाट्यांची यादी दुरुस्त करून ठेवावी: कोणती खूण सापडली नाही, कुठे नवे काम सुरू आहे, कुठल्या हातपंपाला पाणी होते. पुढच्या रविवारी याच रस्त्याने दुसरा गट जाणार असेल, तर ही यादी त्यांच्या पुढच्या माणसाला गुरुवारपर्यंत मिळायला हवी.